खर्जातला माणूस

गाणं बायकोनं लिहिलं होतं आणि ते प्रेमाचं होतं. प्रेम आपल्यावरचं नाही एवढं नवऱ्याला कळत होतं, कारण दोघांचं फाटलेलं होतं. मग कुणावरचं? तिनं सांगितलं, कुत्र्यावरचं. नवऱ्यानं बेस गिटार गळ्यात अडकवली आणि त्या गाण्याला खालून असा काही उठाव दिला, की पन्नासएक वर्षं होत आली तरी ते लागलं की माझा पाय आपोआप हलतो.

गाण्याचं नाव 'यू मेक लव्हिंग फन'. बायको क्रिस्टीन मॅकव्ही, नवरा जॉन मॅकव्ही, बँड फ्लीटवुड मॅक, साल 1976. गाणं ज्याच्यावर होतं तो चांगला दोन पायांचा होता आणि त्यांच्याच कार्यक्रमांची प्रकाशयोजना सांभाळायचा. म्हणजे रोज रात्री स्टेजवर जॉनच्या अंगावर उजेड पाडायचा की नाही, हेही त्याच गृहस्थाच्या हातात. अर्थात त्यानं पाडला नसता तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. बेसवाल्यावर उजेड पाडायची पद्धतच नाही.

हे मी अनुभवानं सांगतो. कॉलेज संपल्यावर तीन वर्षं मी एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. गणपती, स्वागत समारंभ, बँकेच्या सोसायटीचा वर्धापनदिन, मिळेल ते. एका यजमानांनी कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्या गिटारीच्या दोन तारा तुटल्यात, हे तुम्हाला माहीत आहे ना?" दुसऱ्या एकांचं म्हणणं, मी नुसताच उभा होतो, तर मला पाकीट कशाला? आमच्यातही गायक आणि गायिकेचं काहीतरी होतं, आणि मग ते नव्हतं. ते कधी होतं आणि कधी नव्हतं हे आम्हाला यादीवरून कळायचं. युगुलगीतं गळली आणि दोघांची एकेकट्याची गाणी वाढली की आम्ही समजून जायचो. मी मागं उभा असायचो. माझ्या वाट्याला सगळ्यांच्या पाठी यायच्या. कोण कोणाकडं वळलंय आणि कोण मुद्दाम वळत नाहीये, हे मागूनच नीट दिसतं.

तर बँडमधला प्रेमभंग. लीड गिटारवाल्याचा प्रेमभंग आधी त्याच्या गिटारीला कळतो आणि मग सगळ्या गावाला. गायिका रडली तरी सुरात रडते, आणि त्या रडण्याची रेकॉर्ड निघते. ड्रमरच्या हातात तर काठ्याच असतात. बेसवाल्यानं काय करायचं? चार तारा, त्याही जाड. कितीही जीव तोडून ओढा, 'डुम' एवढंच वाजतं. दुःख झालं तरी डुम, पोर झालं तरी डुम. म्हणून ही जात मुकी होत जाते, आणि मुकी माणसं फार सोसतात असा आपला समज असतो. जॉन मॅकव्हीच्या बाबतीत तो निम्माच खरा आहे. उरलेल्या निम्म्याकडं नंतर येतो.

या माणसानं तरुणपणी लंडनमध्ये काही महिने आयकर खात्यात उमेदवारी केली होती. हा तपशील मला फार आवडतो. पुढं आयुष्यभर त्याच्या वागण्यात तो कारकून दिसत राहतो. आपला टेबल, आपली फाइल, शेजारच्या टेबलावर काय चाललंय त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याच सुमारास तो जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये लागला. 1967 साली तिथला गिटारिस्ट पीटर ग्रीन बाहेर पडला आणि त्यानं नवा बँड काढला. नाव ठेवलं फ्लीटवुड मॅक: ड्रमर मिक फ्लीटवुडचं आख्खं आडनाव आणि बेसवाल्या मॅकव्हीचं अर्धं. अडचण एवढीच, की मॅकव्ही त्या बँडमध्ये आलाच नव्हता. मेयॉलकडं पगार वेळेवर मिळायचा, तो कोण सोडणार? पाटीवर नाव लागलंय आणि मालक दुसऱ्या दुकानात नोकरी करतोय, अशा अवस्थेत काही आठवडे गेले. तोवर हंगामी माणूस बेस वाजवत होता. मग साहेब आले.

1968 मध्ये त्यानं लग्न केलं. मुलगी चिकन शॅक नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायची, गायची, आणि तिचं माहेरचं आडनाव होतं परफेक्ट. क्रिस्टीन परफेक्ट. जॉनशी लग्न करेपर्यंत मी परफेक्ट होते, हा विनोद तिनं स्वतःच आयुष्यभर वापरला, त्यामुळं तो माझ्या नावावर खपवता येत नाही. घर लंडनच्या प्राणिसंग्रहालयाजवळ होतं. जॉनला नाद पेंग्विनचा. तो तिथं जाऊन पेंग्विन बघत बसायचा. पेंग्विन बँडचं चिन्ह झाला, 1973 च्या एका अल्बमला त्याचंच नाव मिळालं, आणि जॉननं हातावर पेंग्विन गोंदवूनही घेतला. जोडीदाराशी एकनिष्ठ राहण्याबद्दल या पक्ष्याची ख्याती आहे. फ्लीटवुड मॅकला तो चिन्ह म्हणून मिळावा, ही योजना कुणाची असेल ती असो.

कारण बँड नावाच्या त्या घराला बेइमानीची बाधा जुनीच होती. मिकची बायको जेनी बॉइड ही पॅटी बॉइडची धाकटी बहीण. पॅटी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची बायको. म्हणजे मिक आणि जॉर्ज सख्खे साडू. 1968 साली बीटल्स मंडळी ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात गेली, तेव्हा जेनीही बहिणीबरोबर तिथं होती. त्या ध्यानधारणेचा पुढं संसाराला कितपत उपयोग झाला कोण जाणे. 1973 मध्ये जेनीचं बँडचाच गिटारिस्ट बॉब वेस्टनशी जुळलं. अमेरिकेचा दौरा अर्ध्यावर सोडून वेस्टनला नारळ देण्यात आला. तेव्हा मॅनेजरनं काय करावं? त्यानं भलतीच पाच माणसं गोळा करून 'फ्लीटवुड मॅक' म्हणून दौऱ्यावर पाठवली! प्रकरण कोर्टात गेलं. मिक आणि जेनीचा घटस्फोट झाला, पुन्हा एकमेकांशीच लग्न झालं, पुन्हा घटस्फोट झाला. तिकडं पॅटी जॉर्जला सोडून त्याच्याच मित्राकडं, एरिक क्लॅप्टनकडं गेली, आणि 1979 मध्ये त्यांनी लग्न केलं. तोवर मिकचा दुसरा घटस्फोट उरकला होता, म्हणून मिक आणि क्लॅप्टनचं साडूपण थोडक्यात हुकलं.

1974 च्या अखेरीला आणखी एक गिटारिस्ट गेला, आणि त्याच्या जागी लिंडसी बकिंगहॅम आला. येताना त्यानं अट घातली, घ्यायचं तर माझ्या मैत्रिणीलाही घ्या. मैत्रीण स्टीव्ही निक्स. आता घरात क्रिस्टीन-जॉन धरून दोन जोडपी आणि एक ड्रमर. 1975 चा अल्बम हळूहळू चढत पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आणि तो चढत असतानाच दोन्ही जोडपी मोडली. किती सोयीची वेळ बघा. इतकी वर्षं खतपाणी घातलेलं कलम यंदा लागलंय, आणि यंदाच वाटणी काढायची म्हणता? कुणी काढली नाही. वाटणीचं बोलणं निघतं तेव्हा सातबाऱ्यावर नाव कुणाचं ते बघतात, आणि इथल्या सातबाऱ्यावर अर्धं नाव होतं त्या मुक्या माणसाचं.

1976 च्या फेब्रुवारीत पाचही जण सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो गावात रेकॉर्ड प्लांट नावाच्या स्टुडिओत शिरले. लाकडी इमारत, आत खिडकी नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, कळायला मार्ग नाही. पांढऱ्या पुडीमुळं कळून घ्यायची गरजही उरली नव्हती. पुरुषांची सोय डोंगरातल्या घरात, बायकांची बंदराजवळ वेगळी. आणि मग सुरू झाला तो प्रकार, ज्याला मी आजवर कुठं तोड पाहिली नाही. लिंडसीनं स्टीव्हीवर गाणं लिहिलं, 'गो युअर ओन वे'. त्यातली एक ओळ तिला धादांत खोटी वाटायची आणि जिव्हारी लागायची. पण मागं आवाज लावायला उभी तीच. स्टीव्हीनं लिंडसीवर 'ड्रीम्स' लिहिलं. गाण्यात सारखे तेच ते स्वर, ऐकून क्रिस्टीनला कंटाळा आला. ते सजवलं, फुलवलं कुणी? लिंडसीनं. फिर्यादीनं तक्रार लिहायची, आरोपीनं तिचं शुद्धलेखन तपासून द्यायचं, आणि मग दोघांनी मिळून ती सुरात वाचून दाखवायची.

जॉननं एकही तक्रार लिहिली नाही. या बाबतीत तो निरक्षर होता म्हणा. बाकीच्या चौघांची सगळी प्रकरणं त्याच्या बोटांखालून गेली. 'ड्रीम्स'मध्ये तो मुख्यतः दोनच स्वर वाजवतो, खालचा आणि वरचा, खालचा आणि वरचा, झोपाळ्याच्या कड्या कुरकुराव्यात तसे. त्यावर बसून स्टीव्ही जे काय म्हणायचं ते म्हणून घेते. मी घरी बेसवर ते वाजवायला बसलो. दोन स्वर! मिनिटाभरात हात शिवशिवायला लागले, काहीतरी नक्षी काढावी असं वाटायला लागलं. मी काढली. गाणं तिथंच बसलं.

त्या काळात क्रिस्टीन आणि जॉनचं बोलणं बंद होतं. एकच वाक्य चालू होतं, असं ती पुढं सांगायची: या गाण्याची पट्टी कोणती? बाकी काही नाही. आठ वर्षांचा संसार आटत आटत एवढ्यावर आला. आपल्याकडं अबोला धरलेली जोडपी मुलामार्फत बोलतात, "बाबांना सांग, जेवण वाढलंय." यांना मूल नव्हतं, पट्टी होती. ती सांगायची आणि तो त्या पट्टीत वाजवायला लागायचा. कुत्र्यावरच्या गाण्याचीही त्यानं पट्टी विचारली असणार.

आता ते राहिलेलं निम्मं. जॉन साधू नव्हता. पीत होता, आणि भरपूर. मेयॉलनंही त्याला दारूपायी काढून पुन्हा घेतल्याचे प्रकार झाले होते. क्रिस्टीन घराबाहेर पडली ती मुख्यतः त्या बाटलीमुळं. शुद्धीवरचा जॉन सोन्यासारखा, पण तो भेटायचा कमी, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हा बिचारा जॉन आणि चवचाल बायको अशी मांडणी कुणी करायला लागलं, तर तिथं माझं जमत नाही. त्याच्या गप्प बसण्यात क्षमा बिमा काही नव्हती. वाजवणं हे त्याचं काम होतं आणि कामावर तो वेळेवर यायचा. आयकर खातं!

रेकॉर्डिंग इतकं लांबलं आणि त्या टेप इतक्या वेळा फिरल्या, की त्यांच्यावरचा थर झिजायला लागला आणि ड्रमची धार गेली. शेवटी मूळ वादनाच्या जपून ठेवलेल्या प्रतीवर बाकीचं सगळं जुळवून घ्यावं लागलं. एकाच घरातली पाच माणसांची गाऱ्हाणी वर्षभर ऐकून दुसरं कोण झिजलं नसतं?

अल्बमला नाव हवं होतं. घरात तीन तीन गीतकार. शब्द सुचला तो न बोलणाऱ्याला. ही सगळी गाण्यांतून एकमेकांच्या रोजनिशा लिहितायत असं जॉनला वाटायचं, म्हणून त्यानं सुचवलं, 'रूमर्स'. अफवा. 4 फेब्रुवारी 1977 ला तो बाहेर आला, अमेरिकेत 31 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, पुढच्या वर्षी सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेऊन आला, आणि आजवर त्याच्या 4 कोटींहून जास्त प्रती खपल्यात. माझी एक कॅसेट, मुंबईच्या काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली. 2016 साली ते दुकान बंद झालं. कॅसेट अजून आहे, वाजत नाही.

1977 च्याच मार्चमध्ये 'रोलिंग स्टोन' पाक्षिकानं या मंडळींचं मुखपृष्ठ केलं. फोटो ॲनी लिबोविट्झचा. एक मोठा पलंग आणि त्यावर पाचही जण. आणि झोपवलंय कसं, तर स्टीव्ही मिकच्या कुशीत, क्रिस्टीन लिंडसीजवळ. म्हणजे ज्याचं जिच्याशी नव्हतं नेमकं तसं. आणि जॉन? तो पलंगाच्या कडेला मासिक वाचत पडलाय. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेला माणूस जसा शेजारच्या तिघांचं भांडण ऐकून पेपर थोडा वर धरतो, तसा.

फोटोला मात्र वाचा फुटली. 1977 संपायच्या आत मिक आणि स्टीव्हीचं खरोखरच जुळलं. मग मिक स्टीव्हीच्या मैत्रिणीच्या, सारा नावाच्या, प्रेमात पडला आणि पुढं त्यांचं लग्नही झालं. क्रिस्टीनचं पुढं बीच बॉइजच्या डेनिस विल्सनशी जुळलं. त्यानं तिच्या वाढदिवसाला बाग खणून बदामाच्या आकाराचा वाफा केला. आपल्या भाषेत साडू आहे, व्याही आहे, चुलतसासू आणि मावससासरा आहे. पण माजी नवऱ्याच्या बँडमधल्या सहकाऱ्याच्या माजी प्रेयसीच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला काय म्हणायचं, याची सोय पूर्वजांनी करून ठेवलेली नाही. बेसवाल्याला त्याची गरजही पडली नाही. तो कुणाला हाकच मारत नव्हता. 1978 मध्ये त्यानं बँडबाहेरच्या एका बाईशी लग्न केलं आणि ते टिकलं, हा त्या सगळ्या गोतावळ्यातला जवळजवळ अपवाद.

याच काळात स्वीडनमध्ये ॲबा या बँडमधली दोन जोडपी मोडत होती. 1980 मध्ये त्यातल्या ब्योर्ननं 'द विनर टेक्स इट ऑल' लिहिलं आणि विभक्त झालेल्या बायकोनं, ॲग्नेथानं, ते गायलं. ते गाणं आमच्यावर नाही असं ब्योर्न सांगत आला. पण ॲबाच्या त्या चौघांत बेस वाजवणारा कुणी नव्हताच. वाजवणारे बाहेरून यायचे. त्यामुळं ते भांडणातही नाहीत. सुटले.

जॉनला बाहेर पडायला एकच वाट होती, ती समुद्राची. त्याला शिडाच्या बोटीचं वेड. 1979 मध्ये 'टस्क' या गाण्यासाठी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर शंभराहून जास्त वादकांचं विद्यार्थी बँडपथक उभं केलं होतं, कॅमेरे लावले होते, आणि जॉन दूर ताहितीकडं. मग करायचं काय? त्याचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा बनवला आणि मिक तो काखोटीला मारून मैदानभर फिरला. चित्रफीत आजही बघायला मिळते. पुठ्ठ्याचा जॉन त्यात छान दिसतो. शांत, सरळ, कुणाशी वैर नाही. खऱ्यापेक्षा फार वेगळा नाही.

क्रिस्टीन त्या बँडमध्ये 1998 पर्यंत राहिली. संसार 8 वर्षं, मोडल्यानंतरची सोबत 22. मग ती इंग्लंडमध्ये केंटला जाऊन राहिली आणि 2014 मध्ये परत आली. जॉन मागं त्याच्या जागी उभा होता. ती 30 नोव्हेंबर 2022 ला गेली.

'डोन्ट स्टॉप' हे गाणं तिचंच. मोडल्या संसाराकडं मागं वळून बघू नकोस, पुढं बघ, असं सांगणारं. 1992 मध्ये बिल क्लिंटननं ते प्रचाराला वापरलं, आणि पुढच्या जानेवारीत त्याच्या शपथविधीच्या सोहळ्यासाठी फुटलेली पाचही जणं पुन्हा एकत्र येऊन ते वाजवून गेली. हे गाणं जॉनला उद्देशून आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. कुणीतरी सांगितल्यावर कळलं, असं त्यानंच म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितलं. इतकी वर्षं वाजवतोय, हो का? माझ्यावर होय? एवढ्यावर त्यानं विषय संपवला.

रूमर्समधलं एकच गाणं पाचही जणांच्या नावावर आहे, 'द चेन'. वेगवेगळे तुकडे कापून जोडलेलं. तीन मिनिटं होतात, गाणारे सगळे थांबतात, आणि खालून एकटी बेस निघते. मोजके स्वर, घाई नाही. बीबीसीनं 1978 पासून मोटारशर्यतींच्या कार्यक्रमाला तेच संगीत लावलं. आख्ख्या इंग्लंडला ते तोंडपाठ आहे आणि वाजवणाऱ्याचं नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता येणार नाही. तुम्ही ते ऐका. फक्त चांगले हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर हा माणूस ऐकूच येत नाही.